आतड्याचा स्वतंत्र कारभार

प्रस्तावना

घास तोंडात घालणे, तो चावणे आणि गिळणे या क्रिया आपल्या इच्छेने होतात. घास घशाखाली उतरला की मात्र त्याच्यावरील आपला ताबा सुटतो. पुढचा एक-दोन दिवसांचा प्रवास आपल्या नकळत होतो आणि अगदी शेवटी, मलविसर्जनाच्या वेळी, थोडासा ताबा पुन्हा आपल्याकडे येतो. मधल्या प्रवासात अन्न कोठे थांबवायचे, किती घुसळायचे आणि केव्हा पुढे ढकलायचे, हे कोण ठरवते? मेंदू ठरवत असेल, असे सहज वाटते. परंतु उत्तर तसे नाही.

अन्नाचे पचन कोणकोणत्या रसांमुळे होते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. प्रस्तुत पाठाचा विषय त्याहून थोडा निराळा आहे. येथे आपण अन्नाच्या गतीचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला आतड्याच्या दोन प्रकारच्या हालचालींतील फरक सांगता येईल. आतड्याच्या भिंतीतील चेतापेशींचे कार्य स्पष्ट करता येईल. एखाद्या शास्त्रीय प्रयोगाचे वर्णन मराठीत कसे करतात, हे ओळखता येईल. तसेच पोटाशी संबंधित काही वाक्प्रचारांचा अर्थ शरीराच्या व्यापाराशी जोडून पाहता येईल.

मूळ पाठ

वेग नको, बेताची गती हवी

मृतदेहाच्या विच्छेदनात लहान आतडे सुमारे सहा मीटर भरते. जिवंतपणी त्याच्या स्नायूंना ताण असतो, त्यामुळे ते बरेच आखूड असते. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. जेवणानंतर जठर रिकामे व्हायला दोन ते चार तास किंवा अधिक वेळ लागतो. लहान आतड्यातून अन्नाचा लगदा साधारणपणे तीन ते सहा तासांत पुढे सरकतो. मोठ्या आतड्यात मात्र तो बारा तासांपासून दीड-दोन दिवसांपर्यंत रेंगाळतो.

हे रेंगाळणे म्हणजे आळस नव्हे. प्रौढ माणसाच्या पचनमार्गात दिवसाकाठी सुमारे नऊ लिटर द्रव येतो. त्यांपैकी दोन लिटर आपण खातो-पितो त्यातून येतो. उरलेला सात लिटर म्हणजे लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस. एवढ्या द्रवापैकी मलावाटे बाहेर जातो तो फक्त १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचा सर्व आतड्यांच्या भिंतींतून पुन्हा शरीरात शोषला जातो. लगदा फार वेगाने गेला तर हे पाणी आणि त्यातील क्षार वाया जातात. तो फार सावकाश गेला तर पाणी गरजेपेक्षा अधिक शोषले जाते आणि मल खडा होतो. म्हणून आतड्यापुढचा प्रश्न केवळ ढकलण्याचा नाही; जेथे जितका वेळ लागतो तेथे तितका वेळ देण्याचा आहे.

दोन हालचाली

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतील थराचे तंतू नळीभोवती कड्यासारखे वेढलेले असतात, तर बाहेरील थराचे तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने जातात. या दोहोंच्या मेळातून दोन निरनिराळ्या हालचाली घडतात.

पहिली हालचाल पुढे नेणारी असते. लगद्याच्या मागचे कडे आवळते, पुढचे कडे सैल होते आणि लगदा पुढे सरकतो. मग त्यापुढचे कडे आवळते. या लाटेला क्रमसंकोच म्हणतात. दुसरी हालचाल घुसळणारी असते. थोड्या थोड्या अंतरावरची कडी एकाच वेळी आवळतात आणि लगद्याचे तुकडे पडतात. लगेच ती कडी सैल होतात आणि मधली आवळतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा पुन्हा दुभंगून शेजारच्या अर्ध्या तुकड्याशी मिळतो. यात लगदा फारसा पुढे जात नाही. पण त्याच्यात पाचकरस नीट मिसळतात आणि त्याचा प्रत्येक भाग आतड्याच्या अस्तराला लागतो. या हालचालीला खंडसंकोच म्हणतात. कणीक मळताना आपण गोळा दाबतो, दुमडतो, पुन्हा दाबतो. हे काम काहीसे तसेच आहे.

हे सारे जिवंत शरीरात प्रत्यक्ष पाहण्याची सोय क्ष-किरणांनी करून दिली. १८९५ साली रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी त्यांचा उपयोग अन्नमार्गाच्या अभ्यासासाठी सुरू केला. बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न मांजरांना दिले की ते क्ष-किरणांच्या पडद्यावर गडद दिसे आणि जठर-आतड्यांच्या हालचाली डोळ्यांना दिसत. लगद्याची एक लांब पट्टी क्षणार्धात मण्यांच्या माळेसारखी तुटते आणि पुन्हा जुळते, हे दृश्य कॅनन यांनी १९०२ साली सविस्तर नोंदवले. याच प्रयोगांत त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

पाठगत प्रश्न १
(अ) खंडसंकोचामुळे लगदा फारसा पुढे सरकत नाही, तरीही ही हालचाल आवश्यक का आहे?
(आ) लेखकाने खंडसंकोचासाठी कोणता घरगुती दृष्टान्त दिला आहे?

आज्ञा कोणाची?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोन शास्त्रज्ञ एकत्र काम करीत. (नात्याने ते मेहुणे, बेलिस यांच्या पत्नी या स्टार्लिंग यांच्या भगिनी.) १८९९ साली त्यांनी आतड्याच्या हालचालींवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बधिर केलेल्या कुत्र्याच्या आतड्यात एक छोटा गोळा ठेवला असता गोळ्याच्या वरच्या बाजूचे आतडे आवळते आणि खालच्या बाजूचे सैल पडते, असे त्यांना दिसले. आता प्रश्न असा होता की, ही आज्ञा येते कोठून? त्यांनी बाहेरून आतड्याकडे येणाऱ्या सर्व नसा तोडल्या. मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मेरुरज्जू यांच्याशी आतड्याचा संबंध उरला नाही. तरीही गोळ्याच्या वर आकुंचन आणि खाली शिथिलता हा क्रम तसाच चालू राहिला. या क्रमाला त्यांनी ‘आतड्याचा नियम’ असे नाव दिले.

पुढे १९१७ साली जर्मनीत पॉल ट्रेंडेलेनबुर्ख यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीरातून पूर्णपणे काढून कोमट क्षारद्रवात ठेवला आणि त्यात आतून थोडा दाब दिला. त्या सुट्या तुकड्यातही क्रमसंकोचाची लाट उमटली. शरीरच नव्हते, मग मेंदूची आज्ञा कोठली?

याचे कारण आतड्याच्या भिंतीतच दडलेले आहे. स्नायूंच्या दोन थरांमध्ये आणि अस्तराखाली चेतापेशींची दोन जाळी पसरलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माइसनर आणि आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती; त्यांचा उपयोग मात्र पुढे कळला. या जाळ्यांत मिळून दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. त्यांतील काही भिंतीला बसणारा ताण आणि लगद्यातील रासायनिक घटक ओळखतात, काही निरोप पुढे पोहोचवतात, तर काही स्नायूंना आवळण्याची अथवा सैल होण्याची आज्ञा देतात. ओळखणे, ठरवणे आणि आज्ञा देणे ही तिन्ही कामे जागच्या जागी होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी या जाळ्याला चेतासंस्थेचा एक स्वतंत्र विभाग मानले. त्याला आंत्र चेतासंस्था असे म्हणतात. काही लेखक त्याला ‘दुसरा मेंदू’ म्हणतात. परंतु ते नाव जरा अधिकच कौतुकाचे आहे. हे जाळे विचार करीत नाही, ते आपला कारभार चोख करते, इतकेच.

स्नायूंचा तालही आतड्याचा स्वतःचा असतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी वर्णन केलेल्या विशिष्ट पेशी स्नायूंच्या थरांत विखुरलेल्या असतात. त्यांच्यात मंद विद्युत्‌लहरी सतत उठत असतात. जठरात मिनिटाला सुमारे तीन, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे बारा आणि त्याच्या अखेरीस सुमारे आठ. प्रत्येक लहरीबरोबर स्नायू आवळतोच असे नाही. लेझीमच्या खेळात हलगीचा ताल अखंड चालू असतो, पण पाऊल केव्हा टाकायचे आणि केव्हा थबकायचे हे खेळणारे ठरवतात. तसे येथे ताल काहालच्या पेशींचा आणि निर्णय चेतापेशींचा असतो.

लगाम कोण खेचतो?

जठरातून आम्लयुक्त लगदा आतड्यात येतो तेव्हा तो एकदम येऊन चालत नाही. आतड्याच्या आरंभीच्या भागाला, म्हणजे आद्यांत्राला, त्याचे आम्ल निष्प्रभ करायचे असते आणि त्यातील स्निग्धांश पित्ताच्या साहाय्याने विरघळवायचा असतो. त्यासाठी जठराला ‘सावकाश सोड’ असा निरोप द्यावा लागतो. हा निरोप काही अंशी नसांतून जातो आणि काही अंशी रक्तातून.

रक्तातून निरोप जातो, हे सिद्ध करण्याचा मानही बेलिस आणि स्टार्लिंग यांचाच आहे. १९०२ साली त्यांनी आतड्याच्या एका तुकड्याच्या साऱ्या नसा तोडून फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. थोड्याच वेळात दूरच्या स्वादुपिंडातून रस स्रवू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून त्याचा अर्क रक्तात टोचला; तेव्हाही तोच परिणाम दिसला. अर्कातील या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन असे नाव दिले. अशा रासायनिक निरोप्यांसाठी पुढे १९०५ साली स्टार्लिंग यांनी जो शब्द वापरला, त्याला मराठीत आपण ‘संप्रेरक’ म्हणतो. सिक्रेटिनमुळे जठराचे रिते होणेही मंदावते. स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न आतड्यात आले म्हणजे कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक स्रवते. ते पित्ताशय आवळते आणि जठराला धीमे करते. तेलकट-तुपकट जेवणानंतर पोट बराच वेळ जड राहते, त्याचे हे एक कारण.

एवढे करूनही स्निग्ध पदार्थ न पचता लहान आतड्याच्या अखेरच्या भागापर्यंत पोहोचले, तर तेथूनही वरच्या भागाकडे निरोप जातो आणि सगळी हालचाल मंदावते. माणसांवरील प्रयोगांतून हा परिणाम १९८४ साली स्पष्टपणे मांडला गेला. त्याला शेषांत्राचा लगाम म्हणता येईल. माल खालपर्यंत न निवडताच आला, असे कळताच वरचा पुरवठा थांबवणाऱ्या कारखान्यासारखी ही व्यवस्था आहे. आतड्याच्या नियमनाचा मोठा भाग पुढे ढकलण्यापेक्षा आवरून धरण्यातच आहे, हे येथे लक्षात येते.

पोटातले कावळे

पोट रिकामे असते तेव्हा आतडे स्वस्थ बसत नाही. उपाशी अवस्थेत साधारण दर दीड ते दोन तासांनी जठरापासून एक जोरकस लाट निघते आणि हळूहळू लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते. उरलेसुरले अन्नकण, मृत पेशी आणि जंतू ती पुढे झाडून नेते. जोसेफ झुर्शेव्स्की यांनी १९६९ साली कुत्र्यांमध्ये या लाटेचे वर्णन केले. द्रव आणि हवा यांना ढकलत ही लाट जाते तेव्हा गुरगुर ऐकू येते. ‘पोटात कावळे ओरडणे’ असे आपण म्हणतो, ते कावळे बहुधा हेच. जेवण सुरू झाले की ही झाडलोट थांबते आणि घुसळण सुरू होते. सतत थोडेथोडे खात राहिले, तर आतड्याला झाडलोटीची सवडच मिळत नाही.

मेंदूचा वाटा

आतड्याचा कारभार स्वतंत्र असला, तरी तो मेंदूपासून तुटलेला नाही. मेंदूकडून येणाऱ्या नसा दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारच्या नसा हालचाल वाढवतात, तर दुसऱ्या प्रकारच्या ती आवरतात. कॅनन यांच्या ध्यानात आलेली गोष्ट हीच होती. पडद्यासमोरची मांजर घाबरली किंवा चिडली की तिच्या जठराच्या लाटा थांबत. ती शांत झाली की पुन्हा सुरू होत. भीतीच्या प्रसंगी रक्त आणि शक्ती हातापायांकडे वळतात आणि पचन तात्पुरते बाजूला पडते. ‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार ज्या कोणी प्रथम योजला, त्याने हा अनुभव अचूक टिपला आहे. मोठ्या आतड्यावर मात्र भीतीचा परिणाम अनेकदा उलट होतो; म्हणून परीक्षेच्या सकाळी काहींना वारंवार शौचास जावे लागते.

मोठ्या आतड्यात दिवसातून थोड्याच वेळा मोठी लाट येते. ती बहुधा सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर येते, कारण जठर भरले की त्याचा निरोप मोठ्या आतड्याला जातो. मल गुदाशयात येऊन भिंत ताणली गेली की गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो. बाहेरचा स्नायू तेवढा आपल्या हाती असतो. ही हाक वारंवार दडपली, तर गुदाशयाला ताणाची सवय होते आणि हाक क्षीण होत जाते. घरात शौचालय नसल्यामुळे अंधार पडेपर्यंत थांबावे लागणाऱ्या स्त्रियांना आणि शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळणाऱ्या मुलांना जडणारी बद्धकोष्ठता अनेकदा अशीच सुरू होते. येथे जुलाबाच्या औषधापेक्षा शौचालयाची सोय हाच खरा उपाय आहे. शिवाय रोज एकदा शौचास झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचे प्रमाण निरोगी माणसांत आढळते.

अफूची गोळी

आंत्र चेतासंस्थेच्या पेशींवर अफूतील मॉर्फिन सहज परिणाम करते. त्या पेशी निरोप देईनाशा होतात, पुढे नेणारी लाट थांबते, लगदा जागीच राहतो आणि त्यातील पाणी शोषले जाते. म्हणून अतिसारावर अफू देण्याची चाल फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या अनेक स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफू घातलेली गोळी देत. मूल दिवसभर झोपून राहत असे. त्याची भूक, आतडे आणि श्वास ही सर्वच मंदावत. या मातांना दोष देणे सोपे आहे. पण तान्हे मूल सांभाळायला घरी कोणी नाही आणि मजुरी बुडवता येत नाही, अशा कोंडीतून ही गोळी आली होती. आज अतिसारावर मिळणारे लोपेरामाइड हे औषध आतड्यातील त्याच ठिकाणी काम करते. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत फारसे पोहोचत नाही. तरीही लहान मुलांना ते देऊ नये आणि ताप किंवा शौचातून रक्त असताना मोठ्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. अतिसारात मुलाला पहिली गरज असते ती जलसंजीवनीची.

जेथे चेतापेशी पोहोचतच नाहीत

१८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिन येथील सभेत दोन बालकांची हकीकत मांडली. दोघांनाही जन्मापासून तीव्र बद्धकोष्ठता होती, पोटे फुगलेली होती आणि दोघेही दगावले होते. त्यांचे मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. साहजिकच दोष त्या फुगलेल्या भागात आहे, असे मानले गेले आणि अनेक वर्षे उपचारही त्याच समजुतीने झाले.

प्रत्यक्षात फुगलेला भाग निरोगी होता. दोष होता त्याच्या खालच्या, दिसायला साध्या आणि अरुंद अशा भागात. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आतड्याच्या चेतापेशी मानेच्या बाजूने निघून आतड्यावाटे खाली खाली उतरतात. काही बालकांत हा प्रवास शेवटपर्यंत होत नाही. मग अखेरच्या भागात स्नायू असतात, परंतु चेतापेशी नसतात. चेतापेशी नाहीत म्हणून तो भाग लुळा पडेल, असे आपल्याला वाटेल, घडते उलटे. तो भाग आवळलेलाच राहतो, कारण त्याला सैल होण्याची आज्ञा देणारे कोणी नसते. वरचे निरोगी आतडे त्या बंद दारावर धडका देत राहते आणि फुगत जाते.

सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो. त्याची पहिली खूण घरातल्या माणसांनाही ओळखता येते. निरोगी, पूर्ण दिवसांचे बाळ जन्मानंतर एक-दोन दिवसांत काळपट हिरवी, चिकट अशी पहिली शी करते. ४८ तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर घुटी अथवा एरंडेल देत न बसता बाळाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे गुदाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चेतापेशी आहेत की नाहीत, याची खात्री केली जाते.

१९४८ साली ऑरव्हर स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी बॉस्टन येथील आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात चेतापेशीविरहित भाग काढून टाकून वरचे निरोगी आतडे खाली ओढले जाते आणि गुदद्वाराजवळ जोडले जाते. आजच्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. काही मुलांना पुढे बरीच वर्षे बद्धकोष्ठतेचा त्रास राहतो आणि आहार व सवयी यांकडे लक्ष द्यावे लागते. बहुसंख्य मुले मात्र मोठी होतात, शाळेत जातात.

शब्दार्थ
चेतापेशी – संवेदना आणि आज्ञा वाहून नेणारी पेशी
आकुंचन – आवळणे
शिथिलता – सैलपणा
आद्यांत्र – लहान आतड्याचा जठराला लागून असलेला पहिला भाग
शेषांत्र – लहान आतड्याचा अखेरचा भाग
जलसंजीवनी – साखर व मीठ योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी

पाठान्त प्रश्न
१. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ साली केलेल्या प्रयोगाचे वर्णन तुमच्या शब्दांत करा. बाहेरील नसा तोडण्यामागे त्यांचा कोणता हेतू होता?
२. हिर्शस्प्रुंग यांच्या रुग्णांत फुगलेला भाग निरोगी आणि अरुंद भाग सदोष होता. हे कसे, ते कारणासह लिहा.
३. ‘पोटात कावळे ओरडणे’ आणि ‘पोटात गोळा येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा. पोटाशी संबंधित आणखी तीन वाक्प्रचार शोधून त्यांचे अर्थ लिहा.
४. तुमच्या परिसरात तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर कोणते घरगुती उपाय केले जातात? आरोग्यसेविकेशी बोलून त्यांपैकी कोणते टाळावेत, याची नोंद दहा ओळींत करा.